सामान न्यायला ईको घ्यावी की दिसायला बरी गाडी?

प्रश्न असा आहे: "मुंबईत राहतो. महिन्यातून दोनदा तंबू, स्वयंपाकाचं सामान, कॅमेऱ्याच्या बॅगा घेऊन आम्ही चौघं-पाचजण कोकणात किंवा घाटावर जातो. मारुती ईको डोक्यात आहे, पण घरचे म्हणतात ही मालाची गाडी दिसते, थोडे पैसे घालून बरी दिसणारी घे. काय करावं?"

ईको घ्या. एवढं लिहून थांबणार होतो, पण ते "घरचे म्हणतात" वाचलं आणि राहवेना.

मी परळच्या चाळीत वाढलो, आता भांडुपला राहतो. आमचं भजनी मंडळ आहे, डबलबाऱ्या करतो, म्हणजे दोन मंडळांचा समोरासमोर भजनाचा सामना. मी पखवाज वाजवतो. माझे बाबाही वाजवायचे. गिरणीच्या पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी शिसवी पखवाज करून घेतला होता आणि गिरणी गेली तरी तो विकला नाही. मंडळ तेव्हा भाड्याच्या ओम्नीतून जायचं. बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, पुढे, बाकीचे मागे, पेटी मांडीवर, पखवाज दोन माणसांच्या मधे. ती ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. इतकी वर्षं लोक काय तिच्या रूपावर भाळून घेत होते?

२०१६ मध्ये मी आणि दादाने निम्मे निम्मे घालून गाडी घ्यायचं ठरवलं. मी तेव्हाच म्हटलं, ईको घेऊ. पाच माणसं, एक पखवाज, एक पेटी, तबला, झांजांची पिशवी, सगळं आत. दादा म्हणाला, "हो डबो दारात उभो केलंस तर लोक म्हणतले पाववालो इलो." वहिनी हसली, आई हसली आणि निर्णय झाला. दुसऱ्या कंपनीची, जरा उंच, पुढून रुबाबदार अशी गाडी आली. डिकी उघडली तेव्हा मी दादाकडे बघितलं. त्यात एक पेटी आणि दोन बॅगा मावत होत्या. दादा म्हणाला, वर कॅरिअर लावू.

त्या वर्षी गणपती ५ सप्टेंबरला होते. कणकवलीजवळ बारी ठरली होती. पाच माणसं गाडीत, पखवाज आणि तबला कॅरिअरवर, ताडपत्री मी बांधली. पनवेल सोडलं आणि पाऊस लागला तो थांबलाच नाही. महाडला गाडी इंचाइंचाने सरकत होती. २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला होता, एसटी गेल्या होत्या, माणसं गेली होती. शेजारच्या पुलावरून जाताना गाडीत कोणी बोललं नाही. बुवांनी हात जोडले. माझं लक्ष मात्र छपराकडे होतं, आणि त्याची मला तेव्हाही लाज वाटली.

पखवाज काय असतो हे ठाऊक नसेल तर सांगतो. दोन्ही तोंडांना चामड्याची पुडी, ती ताणून धरणाऱ्या चामड्याच्याच वाद्या, वाद्यांत ताण वाढवायला लाकडी गठ्ठे. उजवीकडे शाई म्हणजे काळा लेप, डावीकडे धुम्याला वाजवायच्या वेळी ओली कणीक. चामड्याला दमट हवासुद्धा चालत नाही, सूर उतरतो. इथे तर पाणी आत मुरलं होतं. कणकवलीला ताडपत्री सोडली तेव्हा गवसणी पिळता येत होती. गठ्ठे ठोकले, वादी नुसती रबरासारखी लांबत राहिली. कोणीतरी म्हणालं, मंडपातल्या हॅलोजनसमोर धरा. धरला. शाईला तडा गेला. ती चूक माझी. घाई करायला नको होती.

मी बारी समोरच्या बुवांच्या मंडळाचा पखवाज मागून वाजवली. त्यांनी मोठ्या मनाने दिला, तक्रार नाही. पण डबलबारीत गजर रंगात येतो तेव्हा हाताखाली आपलं वाद्य लागतं. त्याचा धुमा कुठे घुमतो, शाईवर बोट कुठे पडलं की स्वच्छ 'ता' निघतो, हे हाताला पाठ असतं. तो सबंध कार्यक्रम मी परक्या घरात वावरल्यासारखा वाजवला. बाबा समोर खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर पखवाज मांडीवर घेऊन बसले, आणि जागा व्हावी म्हणून मी एसटीने आलो.

पुढच्या वर्षी मी दादाला त्याच्या वाट्यात गाडी सोडून दिली आणि स्वतः ईको घेतली. पाच सीटची, पेट्रोलवरची. ती अजून आहे.

आता तुमच्या कामाचं. गाडी आहे १४७५ मिलिमीटर रुंद आणि १८००च्या वर उंच. म्हणजे गल्लीला अरुंद आणि सामानाला उंच, मुंबईत नेमकं हेच लागतं. साडेचार मीटरच्या त्रिज्येत वळते, चाळीच्या तोंडाशी मागेपुढे करत बसावं लागत नाही. मधली दारं सरकती, त्यामुळे शेजारी बाइक लावलेली असली तरी सामान काढता येतं. इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून माल भरला की वजन नेमकं त्या चाकांवर येतं आणि चढाला पकड राहते. मात्र सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर पाळण्याची उंची आधी मोजा, बुटक्या गाड्यांच्या पाळण्यात ही जायची नाही.

सीएनजी घेऊ नका. सगळे सांगतील घ्या, किलोमीटरचा हिशेब मांडतील. पण तुम्ही महिन्यातून दोनदा जाणार आणि सामान हाच मुद्दा. सिलिंडर मागच्या सीटच्या मागे आडवा बसतो, म्हणजे ज्या जागेसाठी गाडी घेतली तीच गेली. शिवाय भरल्या गाडीने गॅसवर घाट चढताना दम लागतो, तो वेगळा. रोज दादर-ठाणे करणार असाल तर गोष्ट निराळी.

"दिसते कशी" यावर मला एवढंच म्हणायचंय की गाडी दिसते ती शेजाऱ्यांना. तुम्ही आत बसलेले असता. दादाची गाडी सोसायटीत उभी असायची तेव्हा सगळ्यांनी तारीफ केली. त्यातला एकही माणूस पखवाज उचलायला आला नव्हता.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ईकोची एअरबॅग नसलेली गाडी आपटून बघितली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. पुढे टक्कर घ्यायला बॉनेट जवळजवळ नाहीच. २०२५ पासून सहा एअरबॅग प्रवासी ईकोच्या सगळ्या प्रकारांत आल्या, म्हणून जुनी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, नवीच घ्या. मी स्वतः हायवेवर ऐंशीच्या वर जात नाही. रिकाम्या गाडीचं शेपूट हलकं असतं, ओल्या रस्त्यावर वळणाला जपा. आणि पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खाजगी नंबरच्या गाडीत, आपलं सामान न्यायचं, दुसऱ्याचं भाडं मारायचं नाही. मित्र म्हणतात "आमचं पण ने, पेट्रोलचे पैसे देतो", तिथून भानगडी सुरू होतात.

घरच्यांना समजवायचं असेल तर वाद घालू नका, मी घातला आणि हरलो. शोरूमला जाताना तुमचा सगळ्यात मोठा तंबू, शेगडी आणि ट्रायपॉडची बॅग घेऊन जा. घरचे म्हणतात ती गाडी आणि ईको, दोन्हींत पाच माणसं बसवून ते सामान त्यांच्याच हाताने भरायला लावा. कॅरिअर लावू असं कोणी म्हणालं तर विचारा, जुलैत काय?

दादा अजून म्हणतो की ताडपत्री मी नीट बांधली नव्हती. सरळ पाऊस ताडपत्री अडवते. गाडी पळायला लागली की पाऊस समोरून येतो, खाली वारा भरतो, ताडपत्री उचलते आणि पाणी कडेने आत शिरतं. गाठीचा त्यात काही संबंध नाही. माझी गाठ इतकी पक्की होती की कणकवलीला ती सुटेना, शेवटी यजमानांच्या घरातून कोयता आणून दोरी तोडावी लागली. दादाच धरून उभा होता दोरी.