एक नळी फुटली आणि हजारो गेल्या

प्रश्न : जपानच्या सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म मूलकण) शोधकात २००१ साली हजारो फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी अंधुक प्रकाशही टिपणाऱ्या नळ्या, काही क्षणांत फुटल्या. एकीमुळे बाकीच्या कशा फुटल्या?

उत्तर : या नळ्यांचा काचेचा गोळा ५० सेंमी रुंद, आत निर्वात. शोधकाच्या पाण्याच्या टाकीत त्या एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ७० सेंमी अंतरावर, म्हणजे जवळजवळ खेटूनच बसवलेल्या. दुरुस्तीनंतर १२ नोव्हेंबरला टाकी पुन्हा भरत असताना तळाची एक नळी दाबाने दबली. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक वातावरण दाब वाढतो. खरं नुकसान काचेने केलं नाही, पाण्याने केलं: चहूबाजूंनी पोकळीत घुसलेलं पाणी मध्यभागी आपटलं, त्यातून आघातलाट उठली, तिने शेजारची नळी फोडली आणि साखळीच सुरू झाली. ११,१४६ पैकी साडेसहा हजारांहून जास्त गेल्या.

उपाय फार सुंदर आहे. आता प्रत्येक नळीला पुढून पारदर्शक ॲक्रिलिकचं, मागून फायबर-प्लॅस्टिकचं कवच आहे. कवचाला बारीक भोकं आहेत. एरवी आत-बाहेर दाब सारखाच राहतो. नळी फुटलीच तर पाणी भोकांतून हळूहळूच शिरतं, त्यामुळे लाट उठत नाही. ॲक्रिलिक थोडा प्रकाश खातं, पण तेवढं परवडतं.