मोठ्या सहीला भुलण्याआधी

प्रिय मित्रा,

एका नामवंत रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, सही असलेला जुना हिब्रू ग्रंथ लिलावात आलाय आणि तुझे हात शिवशिवताहेत, हे पत्रावरून कळलं. जरा थांब. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचं नाव पाहून थांबत नाही, फेरफारही वाचतो. इथंही तेच. नाव मोठं तशी किंमत मोठी, आणि किंमत मोठी तिथं खोट्या सह्या आल्याच.

सही भिंगाखाली धर. कसरीनं पाडलेल्या भोकाच्या कडेत शाई झिरपली असेल, तर भोक आधीचं आणि सही नंतरची. समासातली टिपणं बाइंडरच्या कात्रीत अर्धी गेली असतील तर नवखे नाक मुरडतात. मला मात्र अशी प्रत आवडते, कारण टिपण त्या बांधणीच्या आधीचं हे तिथंच ठरतं.

मग शेवटची पानं उघड. १५५३ साली रोममध्ये तालमुद हा ज्यूंचा धर्मग्रंथ जाळला गेला. पुढे इटलीत हिब्रू पुस्तकांवर सेन्सॉर बसले. दोमेनिको जेरोसोलिमितानो, लुइजी दा बोलोन्या यांच्या सह्या आजही सापडतात. दोघंही धर्मांतरित ज्यू; हिब्रू वाचणारा माणूस आणखी कुठून आणणार? त्यांनी खोडलेल्या ओळी बऱ्याचदा आता वाचता येतात, कारण त्यांची शाई विटली आणि छापाची काळीच राहिली. अशी सही म्हणजे पुस्तक तेव्हा इटलीत होतं, याचा पुरावा.

मालकांची रीतही मजेशीर. आधी स्तोत्रातली ओळ, की पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं. आणि लगेच खाली, हे पुस्तक अमक्याचं! साल अक्षरांत असतं; प्रत्येक हिब्रू अक्षराला एक आकडा असतो, त्यांची बेरीज करायची. बेरीज २८० आली तर १२४० मिळवायचे, म्हणजे १५२०. ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणून १५१९ही असू शकतं.

मालकांची साखळी कशी वाचायची ते ससून कोडेक्सवरून शीक. मुंबईत जन्मलेल्या डेव्हिड सॉलोमन ससून यांनी १९२९ साली घेतलेलं हे हस्तलिखित बायबल मे २०२३मध्ये न्यूयॉर्कला ३.८१ कोटी डॉलरना गेलं. त्यात खलफ बेन अब्राहमनं ते इसहाक अल-अत्तारला विकल्याची नोंद आहे. पुढे ते सीरियातल्या माकिसीनच्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाला, अर्पण झालं. गाव उद्ध्वस्त झाल्यावर, सिनेगॉग पुन्हा उभं राहीपर्यंत सांभाळायला म्हणून ते एकाकडे सोपवलं. ते उभं राहिलंच नाही. त्यानंतर काही शतकं माग लागत नाही.

तसली पोकळी चालते. १९३३ ते १९४५ची मात्र चालवून घेऊ नकोस. नाझींनी लुटलेली लाखो पुस्तकं १९४६ साली जर्मनीत ऑफेनबाखला शिक्क्यांवरून वेगळी केली गेली. एखाद्या ज्यू समाजाचा किंवा ग्रंथालयाचा शिक्का असेल, त्यातही खरवडलेला, तर पुस्तक तिथून बाहेर कसं पडलं याचा कागद माग. नसेल तर सोड, कितीही स्वस्त असो.

वारस विकतोय म्हणूनही निर्धास्त होऊ नकोस. नरीमन हाउसमुळे तुला माहीत असलेल्या छबाड या ज्यू पंथाच्या सहाव्या रेब्बींच्या, म्हणजे पंथप्रमुखांच्या, नातवानं आजोबांच्या संग्रहातली पुस्तकं विकली होती. १९८७ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं संग्रह नातवाचा नव्हे, पंथाच्या संस्थेचा ठरवला.

पैसे भरण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या पानांचे, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचे फोटो मागव आणि मलाही पाठव.

तुझा,
काका