भोवरावलय की आवर्तवलय?

प्रश्न असा आहे : विज्ञानाच्या एका लेखात 'व्होर्टेक्स रिंग'साठी, म्हणजे धुराच्या कड्यासारख्या, हवेत किंवा पाण्यात पुढे सरकणाऱ्या वलयासाठी, 'भोवरावलय' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते 'आवर्तवलय' केलं. बरोबर कोणतं? आणि सरळ 'धुराचं कडं' का म्हणू नये?

आधी कड्याचं बघू. धूर तिथे फक्त दिसण्यापुरता असतो. डॉल्फिन पाण्यात हवेची कडी सोडतात. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात झडपेतून रक्त शिरतं तेव्हाही असंच वलय तयार होतं. तिथे धूर कुठला? शिवाय 'भोवराकडे' असा समास केला, तर वाचणारा 'भोवऱ्याकडे' असंच वाचणार.

'आवर्त' म्हणजे संस्कृतात भोवराच. पण आज मराठी माणसाला तो शब्द भेटतो आवर्ती अपूर्णांकात आणि आवर्तसारणीत, म्हणजे 'पुन्हा पुन्हा येणारं' या अर्थाने. 'आवर्तवलय' वाचून डोळ्यांसमोर काही फिरत नाही. 'भोवरा' मात्र जिवंत शब्द आहे. नदीतला भोवरा, जाळीने फिरवायचा लाकडी भोवरा, डोक्यावरच्या केसांतला भोवरा. 'भोवळ'ही त्याच भ्रम् धातूची.

अडचण लाकडी भोवऱ्याची आहे. त्याच्यामुळे वाटतं, वलय चाकासारखं गरगरत असेल. तसं नसतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूला गोल भोक पाडा, आत उदबत्तीचा धूर भरा आणि मागून थाप मारा. बाहेर पडलेल्या वलयात आतल्या कडेचा धूर पुढे जातो, बाहेरच्या कडेने मागे वळतो, पुन्हा आत शिरतो. फिरणं आहे ते वलयाच्या अंगाभोवती. मला इथे आजीची चुंबळ आठवते. जुन्या लुगड्याचं फडकं ती आधी घट्ट पिळायची, मग त्या पिळाचं वेटोळं करून डोक्यावर ठेवायची, वर हंडा. तो पीळ म्हणजे या वलयातलं फिरणं.

म्हणूनच समासाचा विग्रह महत्त्वाचा. 'भोवऱ्याचं वलय' असा षष्ठी तत्पुरुष नको, 'भोवरा हेच वलय' असा कर्मधारय हवा. याला शास्त्राचाही आधार आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1858 मध्ये गणिताने दाखवलं की घर्षणरहित आदर्श द्रवात भोवऱ्याची दोरी, म्हणजे जिच्याभोवती द्रव फिरतो ती रेषा, मध्येच संपू शकत नाही. ती पृष्ठभागाला किंवा भिंतीला टेकते, नाहीतर स्वतःशीच मिटते. मिटली की वलय.

1867 मध्ये एडिंबरात पीटर गथ्री टेट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने खोक्याची मागची बाजू ताणलेल्या कापडाची केली, त्यावर फटके मारून धुराची वलयं सोडली. ती एकमेकांवर आपटून रबरासारखी थरथरत दूर होत. ते पाहून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी मांडलं की अणू हेच ईथरमधले, म्हणजे सगळीकडे भरलेलं आहे असं तेव्हा मानलेल्या अदृश्य माध्यमातले, मिटलेले भोवरे असावेत. कल्पना चुकली, पण तिच्यापायी टेटने गाठींची कोष्टकं करायला घेतली आणि गणितातल्या गाठींच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. मला या सगळ्या प्रकरणाचं फार प्रेम आहे, कारण हे सारं डोळ्यांना दिसलेल्या एका वलयातून निघालं.

तेव्हा 'भोवरावलय'च ठेवावं. जोडून लिहावं, अनेकवचन 'भोवरावलये'. पहिल्या उल्लेखाला एवढं जोडावं : 'भोवरावलय, म्हणजे चुंबळीसारखा स्वतःशी मिटलेला भोवरा'.