टाळेबंदीतले ते साठ दिवस

महामारीच्या काळात परदेशात राहणाऱ्या आईवडिलांना सर्वांत जड काय गेले आणि ते कसे तरले, असे आपण विचारले आहे. इतरांचे मला सांगता येणार नाही. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला होतो आणि आम्हाला आजारापेक्षा कागदांनीच अधिक छळले.

१५ एप्रिल २०२० रोजी माझी नोकरी गेली. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीसाठीच्या व्हिसावरील माणसाची नोकरी सुटली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणजे आमची मुदत १४ जूनला संपत होती. पण जायचे कसे? भारताने मार्चमध्येच आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली होती. ७ मेपासून परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणारी ‘वंदे भारत’ची उड्डाणे सुरू झाली खरी, परंतु आमची दोन्ही मुले अमेरिकेत जन्मलेली, म्हणून अमेरिकी नागरिक; आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाविना भारतात येऊ देणाऱ्या ओसीआय कार्डावरचा प्रवेश तेव्हा स्थगित; त्यामुळे आईवडिलांनी विमानात बसावे आणि सहा व दोन वर्षांच्या लेकरांनी मागे राहावे, असा त्या नियमाचा अर्थ होत होता. अशा मुलांना २२ मे रोजी सवलत मिळाली, तोवर आमचे ३७ दिवस सरले होते.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक फुली मारत असे. आजी येण्याचे दिवस आपण मोजतो आहोत, अशी मुलाची समजूत झाली आणि तो माझ्या नकळत पुढच्या तारखांवरही फुल्या मारून ठेवू लागला. घरात लॅपटॉप एकच; सकाळी त्याची शाळा, दुपारी कपड्यांच्या खोलीत दार लावून माझ्या मुलाखती. पत्नीला काम करण्याची परवानगी नव्हती. शेजारच्या दोन एकट्या विद्यार्थ्यांना ती पोळीभाजी देई, पण पैसे घेणे बेकायदा ठरेल या भीतीने एक डॉलरही घेत नसे. त्यांनी एकदा दाराशी कणकेची पिशवी ठेवली, तेव्हा ती ठेवून घ्यावी की परत करावी यावर आम्ही मध्यरात्रीपर्यंत वाद घातला. आज हसू येते, तेव्हा येत नव्हते.

५५व्या दिवशी, ९ जूनला, मला नोकरी देणाऱ्या नव्या कंपनीने माझा व्हिसाचा अर्ज दाखल केला आणि आम्ही मुदतीच्या आत सुटलो.

अमेरिकी सरकारने मार्चमध्ये जाहीर केलेली मदत, म्हणजे प्रौढाला १,२०० आणि मुलाला ५०० डॉलर, आमच्या घरी आलीच नाही. काम करण्याची परवानगी नसल्याने पत्नीकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार नोकरी व करांसाठी देते तो ओळख क्रमांक) नव्हता, त्यामुळे आणि कर विवरणपत्र एकत्र भरल्याने सगळे कुटुंबच अपात्र ठरले होते. डिसेंबरमध्ये कायदा बदलल्यावर पुढच्या वर्षी माझे आणि मुलांचे मिळून २,२०० डॉलर आले. तिच्या वाट्याला मात्र तेव्हाही काही आले नाही.