साक्ष देताना जीभ अडखळते?

ख्रिस्ताविषयीचा आपला अनुभव दुसऱ्याला सांगताना, म्हणजे साक्ष देताना, भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो, असं समजू नका. करिंथ शहरात आपण भीत, कापत आलो होतो, हे ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानंच तिथल्या मंडळीला लिहिलंय (बायबल, 1 करिंथ 2:3). चुकतं ते वेगळंच: नवखा माणूस सगळं बायबल समजावायला जातो आणि पहिल्याच प्रश्नाला गप्प होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला, येशूनं दृष्टी दिलेला आंधळा पाहा. त्याला ठाऊक होतं तेवढंच तो बोलला.

साक्ष कागदावर लिहा: आधी कसे होता, ख्रिस्त कसा भेटला, आता काय बदललं. 150-200 शब्द, म्हणजे जेमतेम 2 मिनिटं. घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ‘तारण’, ‘अभिषेक’ असे शब्द चर्चच्या मंडळीबाहेर पोहोचत नाहीत, तिथं रोजचं मराठी वापरा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगांतून गायला, ते आठवा.

ओळख असेल तिथंच, समोरच्यानं विचारल्यावर बोला. त्याच्या श्रद्धेबद्दल वावगा शब्द नको. मदतीचं किंवा आजार बरा होण्याचं आमिष तर मुळीच नको. उत्तर येत नसेल तर “विचारून सांगतो” म्हणा आणि आठवडाभरात खरंच सांगा. त्यानं विषय बदलला, की तिथंच थांबा.