वाचक विचारतात : नेटवरचं पान वर्डमधे घेतलं की विस्कटते काहून?

प्रश्न : नमस्कार भाऊ, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून रायलो. आमच्या शेतकरी गटाची लिखापढी माझ्याकडं आहे. हंगामात कृषी विद्यापीठाच्या नाहीतर कृषी विभागाच्या वेबपेजवरून बोंडअळीची, तुरीवरच्या मर रोगाची माहिती कॉपी करतो, वर्डमधे पेस्ट करतो आन प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावतो. पण पेस्ट केलं का सगळा पसाराच येते. अर्धी अक्षरं मोठी, अर्धी बारकी, मागं काळानिळा रंग, मधातच मेनूचे तुकडे, निळ्या लिंका, आन दोन पानाचा मजकूर पार सहा-सात पानावर जाते. फोटो घरी दिसते पण गटाच्या ऑफिसात नेट नसलं का नुसता डब्बा आन लाल फुली. हे सारं निस्तरता निस्तरता लाइन जाते. काही सोपं असन तर सांगा.

उत्तर : भाऊ, पहिले तर हे ऐका, तुमच्या कॉम्प्युटरमधे काहीच बिघाड नाही. वेबपेजवर आपण कॉपी दाबतो तेव्हा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत, त्याच मजकुराच्या दोन-तीन प्रती जाऊन बसतात. एक एचटीएमएलची, म्हणजे फॉन्ट, रंग, लिंका, चौकटी सगळ्यासकट, आणि एक निव्वळ अक्षरांची. साधं कंट्रोल व्ही दाबलं की वर्ड पहिली प्रत उचलते, आणि ती बनलेली असते स्क्रीनसाठी, ए-फोर कागदासाठी नाही. तुम्हाला पाहिजे ती दुसरी.

नव्या वर्डमधे कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा, फक्त मजकूर येईल. जुनं वर्ड असेल तर कंट्रोल व्ही करा, मग खाली जो छोटा डबा दिसते त्यासाठी एकदा कंट्रोल दाबून सोडा आणि टी दाबा, ते म्हणजे कीप टेक्स्ट ओन्ली. लिबरऑफिस वापरत असाल तर कंट्रोल, अल्ट, शिफ्ट आणि व्ही. आणि हे काहीच लक्षात राहत नसेल तर आधी नोटपॅडमधे पेस्ट करा, तिथून परत कॉपी करून वर्डमधे न्या, नोटपॅड रंग-फॉन्ट काही ठेवतच नाही. त्याच्याही आधी एक करता येते, फायरफॉक्स किंवा एजमधे एफ-नाइन दाबून पाहा, बऱ्याच पानांवर रीडर व्ह्यू उघडते, मेनू-जाहिराती गायब आणि फक्त लेख उरतो, तिथूनच कॉपी केलं की मधातले तुकडे येतच नाहीत.

आधीच पेस्ट करून ठेवलेल्या फाइली असतील त्यांचं असं करा. कंट्रोल ए, मग कंट्रोल स्पेसबार, मग कंट्रोल क्यू, बहुतेक रंगरंगोटी उतरते. लिंका काढायला कंट्रोल ए करून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-नाइन, अक्षरं राहतात, लिंक जाते (लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागू शकते). ओळी मधेच तुटत असतील किंवा शब्द फाकून ओळभर ताणले जात असतील तर तिथं एंटर नसून शिफ्ट-एंटरवाली ओळतोड आलेली असते. कंट्रोल एच उघडा, वरच्या खान्यात शिफ्ट दाबून 6 ची जी टोपीसारखी खूण येते ती आणि तिला चिकटून इंग्रजी छोटा एल, खालच्या खान्यात तीच खूण आणि छोटा पी, मग रिप्लेस ऑल.

मराठीचं एक वेगळंच दुखणं आहे. साइज 12 केली तरी मराठी अक्षरं हलतच नाहीत, असं होत असेल. कंट्रोल डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, तिथं इंग्रजीसाठी एक खाना आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणून दुसरा खाना दिसेल. आपली देवनागरी या दुसऱ्या खान्याचं ऐकते, तिथं मंगल किंवा निर्मला यूआय निवडा आणि साइजही तिथंच टाका.

फोटोचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय. कधी कधी फोटो फाइलमधे येतच नाही, त्याचा फक्त पत्ता येतो, आणि फाइल उघडली की वर्ड नेटवरून तो आणायला जाते. म्हणून फोटोवर राइट क्लिक करून तो आधी कॉम्प्युटरवर सेव्ह करा आणि इन्सर्टमधून टाका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते. फवारणीच्या डोसचा तक्ता कधीच फक्त मजकूर म्हणून घेऊ नका. कॉलम मोडतात, एखादा खाना रिकामा असला की आकडा सरकल्यासारखा दिसते आणि एका औषधाचा डोस वाचणाऱ्याला दुसऱ्याच औषधाचा वाटते. 2017 च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे, बोर्डावरच्या कागदातली चूक म्हणजे नुसती टायपिंगची चूक नसते. तक्ता तेवढा वेगळा सिलेक्ट करा, साध्या कंट्रोल व्हीनं चौकटीसकट आणा, लेआउटमधे ऑटोफिट टू विंडो करा म्हणजे पानात मावेल. तक्ता दुसऱ्या पानावर जात असेल तर वरच्या ओळीवर रिपीट हेडर रोज लावा, नाहीतर दुसऱ्या पानावर आकडे राहतात आणि ते मिली प्रति 10 लिटर पाण्यात आहेत का एकरी, हेच कळत नाही.

मर रोगाची माहिती घेता म्हणून आणखी सांगतो, ट्रायकोडर्माच्या (मर रोगावर वापरायची उपयोगी बुरशी) माहितीत 10 चा 6 वा घात असं लिहिलेलं असते, फक्त मजकूर घेतला की वरचा 6 खाली येऊन ते 106 होऊन बसते. तो 6 सिलेक्ट करून कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं चिन्ह दाबा, वर जातो. प्रिंट देण्याआधी एकानं वेबपेज वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहायचा. आणि खाली कोणत्या पानावरून, कोणत्या तारखेला घेतलं ते लिहाच, शिफारशी बदलत राहतात, मागच्या वर्षीचा कागद यंदा कोणी खरा मानू नये.

प्रश्न : दादा, मी लाखनीजवळच्या गावची, एमएला आहे. एका जुन्या साइटवरचा मराठी लेख तुम्ही म्हणता तसा फक्त मजकूर करून घेतला तर सगळी इंग्रजी अक्षरं आली, काहीच वाचता येईना. साइटवर तर मस्त मराठी दिसते!

उत्तर : ताई, तो लेख युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असलेल्या आजच्या पद्धतीत नाही, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधे आहे. त्यात आतमधे इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवते, इंग्रजी छोटा डी असते आणि आपल्याला क दिसते. फॉन्ट निघाला की मराठी गेली. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, त्यात मजकूर टाका आणि जे येईल ते वर्डमधे घ्या. फक्त फॉन्ट कोणता होता ते आधी नीट पाहा, श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फॉन्टचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधे टाकला तर आणखी घोळ होतो. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासा, कारण जुन्या फॉन्टमधे वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, कन्व्हर्टर तिथंच चुकतात. प्रबंधात घेणार असाल तर मूळ पानाची पीडीएफही काढून ठेवा, कंट्रोल पी करून सेव्ह अ‍ॅज पीडीएफ, म्हणजे शंका आली की ताडून पाहता येईल.