बांबूच्या दांडीचा जुना तंबाखूचा पाइप किती जुना, हे कसं ओळखायचं?

बांबूवरून नाही, एवढं आधी सांगतो. रंग किती गडद झालाय किंवा पेरं किती आहेत यावरून विकणारे वय ठोकून देतात, पण बांबू ओढण्यानेही गडद होतो आणि दांडी मागाहून बदलताही येते. बांबूची नळी तशी फार जुनी: किसेरू या जपानी पाइपात दोन्ही टोकं धातूची आणि मधे बांबू.

ब्रायर लाकडाची वाटी असलेल्या इंग्लिश पाइपवर मात्र शिक्के बघा. लंडनच्या डनहिलचे बांबूवाले पाइप 'व्हॅंगी' म्हणून ओळखले जातात. त्यांच्यावर 'मेड इन इंग्लंड'जवळ बारीक आकडा असतो, तो १९२१ पासूनच्या वर्षाचा. गोची अशी की तोच आकडा पुढच्या दशकांत पुन्हा येतो. सोबत पेटंट क्रमांक असेल, तर पाइप साधारण १९५० च्या दशकाच्या मध्याआधीचा धरायला हरकत नाही.

चांदीचं कडं असेल तर काम सोपं. भिंग घ्या आणि त्यावरचे, चांदी तपासणाऱ्या कार्यालयाचे छाप बघा. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं, तक्त्यात ताडून पाहा. तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार असा चेस्टरचा छाप १९६२ नंतरचा असूच शकत नाही, कारण तिथलं कार्यालय तेव्हा बंद झालं. फक्त कडं मूळचंच आहे ना, हे तपासा.

तोंडाची नळी हिरवट-तपकिरी पडली असेल आणि चोळल्यावर गंधकाचा वास येत असेल, तर ती व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. जुन्या पाइपांत हेच असायचं, पण आजही वापरतात, म्हणून हा पुरावा दुय्यमच. आणि विकायचा विचार असेल तर शिक्क्यांवर पॉलिश घासू नका.